हुकमावर सही कोणाची?

"आमच्याकडं काय लपवायचं हाय? बघंनात तिकडं." सरकारी पाळतीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, मग बैठक तालमीच्या कट्ट्यावर असो, रंकाळ्यावर असो नाहीतर एखाद्या सीएच्या ऑफिसात. बोलणारा माणूस सरळमार्गी असतो. पोलिसांना घाबरावं असं त्यानं काही केलेलं नसतं. त्याच्याशी माझा वाद नाही. त्याची झडती त्यानं स्वतःच घेतली, आता बघणाऱ्याची घेऊ. आपल्यावर नजर ठेवायची तर भारतात कोणाची सही लागते, आणि ती सही बरोबर होती की नव्हती हे नंतर कोण तपासतं?

उत्तर पाळतीच्या प्रकाराप्रमाणं बदलतं. एका माणसाचा फोन ऐकायचा तर मंत्रालयातल्या सचिवाची सही लागते. त्याच माणसानं कोणाकोणाला फोन केले याची यादी हवी तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांची पुरते. आणि लाखो लोक कुठं गेले, कोणती गाडी चालवतात, कोणत्या योजनेचे पैसे उचलतात हे एकत्र जुळवून बघायचं तर बऱ्याचदा कोणा एकाची अशी सहीच लागत नाही. पाळत जितक्या जास्त लोकांवर, तितकी तिची अट सैल. मला यातली खरी काळजीची गोष्ट ही वाटते. बातम्यांत मात्र टॅपिंगवर पानंच्या पानं येतात आणि बाकीच्यावर चार ओळी.

फोन ऐकणं

टॅपिंगचा कायदा तारेच्या जमान्यातला होता: १८८५चा भारतीय तार कायदा, कलम ५(२). देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी पुढची दहा-अकरा वर्षं मोबाइलवरचं बोलणं ऐकण्याचा अधिकार त्याच कलमातून येत होता. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालचे ऐकण्याबाबतचे नियम आले. पाटी बदलली, सांगाडा जुनाच राहिला.

तो सांगाडा असा. केंद्रात गृहसचिव आणि राज्यात गृहखात्याचे सचिव लेखी आदेश काढतात. आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असावा लागतो. त्यावर देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याची चिथावणी रोखणं, यांपैकी एखादं कारण दाखवावं लागतं. एक आदेश ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढं जात नाही. अगदीच तातडी असेल तर राज्यात महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आधी ऐकायला लावू शकतो, पण सात कामकाजी दिवसांत वरून शिक्कामोर्तब झालं नाही तर ऐकणं थांबवायचं.

या अटी सरकारनं आपणहून घालून घेतलेल्या नाहीत. राजकारण्यांचे फोन टॅप होत असल्याचं सीबीआयच्या अहवालातून पुढं आलं, तेव्हा पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयानं सांगितलं की फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, आणि ते ऐकायचं तर नीट कार्यपद्धती हवी. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं ती नव्हती! पण याच निकालात एक दार बंदही झालं. टॅपिंगच्या आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी ही मागणी मान्य झाली नाही, कारण कायद्यात तशी तरतूद नव्हती.

त्याऐवजी आली पुनर्विलोकन समिती. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष, आणि सोबत विधी सचिव व गृहखातं सोडून आणखी एक सचिव. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. दोन महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यायची आणि नियमबाह्य आदेश रद्द करायचा. कागदावर बरं दिसतं. पण खासबागेत कुस्ती लावायची आणि पंच एका पैलवानाच्याच तालमीतला नेमायचा, हे कोल्हापुरात कोणी खपवून घेतलं असतं का? आदेश काढणारे सचिव, तपासणारेही सचिव. बाहेरचं कोणीच नाही, ना न्यायाधीश, ना विरोधी पक्षाचा आमदार.

पंच प्रामाणिक आहे असं धरलं तरी त्याला वेळ हवा. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या अहवालात नोंद आहे की केंद्रातल्या समितीसमोर एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायला येतात. माणसं जेवायला न उठता आठ तास बसली, तरी एका आदेशाला दोन सेकंदसुद्धा वाट्याला येत नाहीत. तेवढ्या वेळात फाइलीवरचं नाव वाचून होत नाही. श्रीकृष्ण समितीनंच या कामाला अवास्तव म्हटलं होतं.

मग चुकीचा आदेश कधी पकडलाच जात नाही का? जातो, पण योगायोगानं. मुंबईतल्या एका उद्योजकाचा फोन लाचखोरीच्या प्रकरणात टॅप झाला होता. खटला उभा राहिला म्हणून त्याला ते कळलं. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाच हा गुन्हा आहे, पण त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठली आणि सार्वजनिक सुरक्षितता कुठली, असा न्यायालयाचा रोख होता. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही भ्रष्टाचाराच्या तपासातला असाच एक आदेश रद्द ठरवला.

ज्याच्यावर खटला झालाच नाही, त्याचं काय? फोन ऐकला, काही सापडलं नाही, फाइल मिटली. त्या माणसाला हे कधी कळवायचं असं आपल्या नियमांत कुठंही नाही. न कळलेल्या अन्यायाविरुद्ध कोर्टात जाता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमकी हीच उणीव घटनाबाह्य ठरवली: पाळत संपल्यावर, तपासाला धोका नसेल तेव्हा, माणसाला कळवलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१६च्या कायद्यानं मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही बंधनकारक केली. दोन्ही देश काही पाळत सोडून बसलेले नाहीत. गुन्हेगार तिथंही पकडले जातात.

संगणक आणि पेगासस

मेसेज, ईमेल, संगणकातल्या फाइली यांच्यासाठी वेगळं कलम आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९. ते तार कायद्यापेक्षा रुंद आहे. त्यात सार्वजनिक आणीबाणीची पहिली अट नाही आणि कारणांच्या यादीत 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हेही बसवलेलं आहे. सांगितल्यावर मदत न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयानं या कलमाखाली दहा यंत्रणांची यादी जाहीर केली. त्यात आयबी, सीबीआय, एनआयए, ईडी आहेत, तसंच प्रत्यक्ष कर मंडळही आहे.

पेगासस हा याच्याही पलीकडचा प्रकार. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर. कंपनी म्हणते की आपण ते फक्त सरकारांना विकतो. ते फोनमध्ये शिरलं की मेसेज, फोटो, माइक, कॅमेरा सगळं परक्याच्या हाती जातं. व्हॉट्सॲपचं कुलूप तिथं उपयोगाचं नाही, कारण मेसेज तुम्ही वाचता त्याच पडद्यावरून तोही वाचतो. जुलै २०२१ मध्ये भारतीय पत्रकार, वकील आणि राजकारण्यांचे नंबर संभाव्य लक्ष्यांच्या यादीत असल्याच्या बातम्या आल्या. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये निवृत्त न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं ते एवढंच: तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही. सरकारनं हे सॉफ्टवेअर घेतलं की नाही, हो किंवा नाही असं सरळ उत्तर आलेलं नाही.

अर्थात तुमच्या-माझ्या फोनमध्ये पेगासस असण्याची शक्यता जवळपास शून्य. ते महागडं आहे, मोजक्यांसाठी वापरतात. सामान्य माणसाचा संबंध येतो तो पुढच्या गोष्टीशी.

सीडीआर: शब्द न ऐकता कळलेली गोष्ट

कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर. कोणी कोणाला लावला, किती वाजता, किती सेकंद बोलले, फोन कोणत्या टॉवरखाली होता आणि कोणत्या हँडसेटवरून होता, एवढी नोंद. बोलणं त्यात नसतं. त्यामुळं लोकांना हे किरकोळ वाटतं.

समजा, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीतला कामगार आहे. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याला कंपनीच्या ऑफिसातून फोन येतो, चाळीस सेकंदांचा. लगेच त्याचा फोन युनियनच्या पुढाऱ्याला, बारा मिनिटं. मग घरी. दुपारी त्याचा फोन कसबा बावड्याच्या टॉवरखाली, जिल्हा न्यायालयाच्या बाजूला, आणि एका वकिलाला दोन कॉल. संध्याकाळी एका वार्ताहराला एक. एकही शब्द ऐकला नाही, तरी गोष्ट समजली ना? नोकरी गेली, लढायचं ठरवलं, बातमी उद्या येणार. आता हाच कागद कंपनीच्या मॅनेजरच्या टेबलावर असेल तर काय होईल याचा विचार करा. बाईनं स्त्रीरोगतज्ज्ञाला केलेला फोन, कारकुनानं साहेबाच्या भ्रष्टाचाराबद्दल कोणाला तरी केलेला फोन, सगळं या यादीत येतं. बोलण्यात माणूस खोटं बोलू शकतो, सीडीआरमध्ये सहसा नाही. म्हणून तर तपास करणाऱ्यांना बोलण्याआधी सीडीआर हवा असतो.

कंपन्यांनी ही नोंद किमान दोन वर्षं सांभाळायची, अशी परवान्याची अट आहे. डिसेंबर २०२१च्या आधी ती एक वर्षाची होती. मागवायचं कलम फौजदारी संहितेतलं ९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ९४. अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडून मागणी जाते. गृहसचिव नाही, पुनर्विलोकन समिती नाही.

अधीक्षकाच्या पातळीची अट तरी आली कशी? २०१३ मध्ये राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचा सीडीआर बेकायदा मिळवायचा प्रयत्न उघड झाला. दिल्ली पोलिसांतला एक शिपाई पकडला गेला. त्यानंतर नियम कडक झाले. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेर होते. गिऱ्हाईक कोण, तर बायकोवर संशय असलेला नवरा, भागीदारावर संशय असलेला व्यापारी. सरकारसाठी बांधलेल्या दारातून सरकारच येईल याची हमी नसते, ती अशी.

टॉवर डंप हा सीडीआरचा मोठा भाऊ. यात माणूस ठरलेला नसतो, जागा आणि वेळ ठरलेली असते. गुजरीत सराफाचं दुकान फुटलं, तर त्या दोन तासांत तिथल्या टॉवरखाली असलेले सगळे नंबर मागवायचे. पण गुजरी आहे अंबाबाईच्या देवळाला लागून. नवरात्रातली संध्याकाळ असेल तर दर्शनाच्या रांगेतली माणसं, महाद्वार रोडवर खरेदीला आलेल्या बायका, हार-वेणी विकणारे, बंदोबस्तावरचे पोलीस, सगळे त्या यादीत. चोर बहुधा त्यांच्यातच असतो आणि पुष्कळदा असाच सापडतो, हे मान्यच आहे. मला एवढंच विचारायचं आहे की चोर सापडल्यावर बाकीच्या हजारो नंबरांचं काय करतात. ती यादी किती दिवसांत पुसायची हे सांगणारं कायद्यातलं कलम मला दाखवता येत नाही.

कॅमेरा, फास्टॅग आणि जोडलेल्या याद्या

शहरातला टोल आपण रस्त्यावर उतरून घालवला, त्याचा कोल्हापूरकरांना रास्त अभिमान आहे. पण पुण्याला जाताना किणीच्या नाक्यावर फास्टॅग टुक्क करतो तेव्हा पैशाबरोबर एक नोंदही जाते: ही गाडी, या दिशेनं, इतक्या वाजता. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. रांग कमी झाली, सोय झाली, खोटं कशाला बोला. पण रोख पैसे देऊन निनावी जाण्याची वाट दुप्पट टोलाची झाली.

दसरा चौक, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, कुठंही मान वर केली की कॅमेरा दिसतो. नुसता कॅमेरा फार काही करत नाही. तास-तास फुटेज बघायला माणूस लागतो आणि माणूस कंटाळतो. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलं की चित्र पालटतं. मग एक फोटो घालायचा आणि हा माणूस महिनाभर कुठं कुठं फिरला ते विचारायचं. अशा सॉफ्टवेअरच्या वापरासाठी देशात आजही खास कायदा नाही. ते चुकतंही. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं आहे की ८० टक्क्यांच्या वर साम्य दिसलं की ते जुळलं असं धरतात. भावाभावांत याहून जास्त साम्य असतं, हा माझा शेरा. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी 'मार्व्हल' नावाची कंपनी उभी केली. गुन्ह्यांचा तपास वेगानं होईल, ही अपेक्षा योग्यच आहे. चूक झाल्यास दाद कोणाकडं मागायची, ते कायद्यानं ठरवायचं काम मात्र शिल्लक आहे.

आंदोलनाच्या या जिल्ह्यानं आणखी एक कायदा माहीत करून घ्यावा. २०२२ मध्ये १९२०चा जुना कायदा जाऊन नवा फौजदारी ओळख कायदा आला. अटक झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे, बुबुळाचं स्कॅन, सही, काही बाबतींत शरीराचे नमुनेसुद्धा घेता येतात आणि ही नोंद ७५ वर्षं ठेवता येते. आधी शिक्षा झालेली नसेल आणि खटल्यातून निर्दोष सुटलात तर ती पुसायची, असं कायदा म्हणतो. ऊसदरासाठी महामार्गावर बसलेल्या विशीतल्या पोराची केस किती वर्षं चालते, हे इथं कोणाला सांगायला नको.

आता जोडलेल्या याद्या. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. एक क्रमांक दहा खात्यांच्या दहा वह्यांत लिहिला की त्या वह्या शेजारी ठेवून वाचता येतात. हे समजायला 'लाडकी बहीण'इतकं जवळचं उदाहरण नाही. योजनेची अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. २०२४ मध्ये भराभर अर्ज भरले गेले, दीड हजार रुपये खात्यात येऊ लागले. २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली. लाभार्थी बायकांची यादी परिवहन खात्याच्या गाड्यांच्या यादीशी लावली गेली, अंगणवाडी सेविका कागद घेऊन दारोदार गेल्या, सरकारी नोकरीत असलेल्या बायकाही यादीत सापडल्या. सप्टेंबरपासून ई-केवायसी आलं, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार.

पैसा करदात्यांचा आहे, तपासणी व्हायला हवी. त्यावर माझी तक्रार नाही. मला दिसते ती सोय. दोन खात्यांच्या याद्या एका दुपारी जुळवता येतात, त्यासाठी गृहसचिव लागत नाही, ६० दिवसांची मुदत नाही, समिती नाही. आज ती सोय चारचाकी शोधायला वापरली. उद्या तीच एखाद्या मोर्च्याला गेलेल्यांची यादी आणि शिष्यवृत्तीची यादी यांना लावता येईल. लावतातच, असं मी म्हणत नाही. लावायची झाली तर अडवणारं कोण आहे, ते शोधतो आहे. आणि यंत्र चुकलं तर भुर्दंड गरिबालाच. साच्याच्या वाळूत आणि तापल्या लोखंडात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या बोटाच्या रेघा झिजलेल्या असतात. रेशनच्या मशिनवर त्याचा अंगठा चार वेळा नाकारला जातो, आणि मागची रांग त्याच्याकडंच संशयानं बघते.

कधी कधी सरकार मागंही येतं. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस दूरसंचार विभागानं मोबाइल कंपन्यांना सांगितलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच घालून विका. चोरीचा फोन शोधायला आणि आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघायला हे ॲप चांगलं आहे, मी स्वतः ते कोणालाही सुचवीन. पण स्वतः उतरवून घेणं वेगळं आणि सरकारनं खिशात घालून देणं वेगळं. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली गेली.

मध्येच एक सांगायचं राहिलं. डिजिटल अरेस्ट नावाखाली फसवणूक चालते ना, खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर येतो आणि तुम्ही आमच्या नजरेखाली आहात, कॅमेरा बंद करायचा नाही म्हणून दोन दोन दिवस बसवून ठेवतो. निवृत्त मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, शिकलेली माणसं यात आयुष्यभराची पुंजी घालवतात. लोक त्यांना भोळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. पोलीस आपल्यावर केव्हाही, कसंही, कोणालाही न विचारता नजर ठेवू शकतात हे त्यांनी आधीपासून मान्य केलेलं असतं. चोर फक्त त्या समजुतीचे पैसे करतो. कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. आपलं बोलणं ऐकायला लेखी आदेश लागतो, एवढं पाठ असलेला माणूस फोन ठेवून देईल.

हक्क आहे, पण कुंपणाला खिंडार

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, यावर सरकारनं कोर्टात नाही असं उत्तर दिलं होतं. भिस्त होती १९५४ आणि १९६२च्या दोन जुन्या निकालांवर. १९६२चं प्रकरण उत्तर प्रदेशातलं होतं, पोलीस एका माणसाच्या घरी रात्री-अपरात्री येऊन दार वाजवायचे. न्यायालयानं दार वाजवणं थांबवलं, पण घटनेत खासगीपणाचा हक्क नाही असंही म्हटलं. ते म्हणणं पुसलं गेलं २४ ऑगस्ट २०१७ रोजी. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, आधारचा कायदा बहुतांशी टिकला, पण बँक खात्याला आणि मोबाइलला ते जोडायची सक्ती रद्द झाली.

मग माहिती संरक्षणाचा कायदा यायला २०२३चा ऑगस्ट उजाडला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५. कंपनीनं हलगर्जी केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, त्याचं स्वागत. पण कलम १७(२) वाचा. देशाची सुरक्षा, सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही सरकारी यंत्रणेला या कायद्यातूनच वगळू शकतं. दुकानदारानं तुमचा नंबर विकला तर दंड, आणि ज्या यंत्रणेकडं तुमचं सगळंच आहे ती बाहेर. याच कायद्यानं जाता जाता माहिती अधिकारालाही चिमटा काढला. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर द्यावी, असं कलम ८(१)(ञ) मध्येच लिहिलेलं होतं. आता तिथं वैयक्तिक माहिती एवढंच कारण उरलं. जनहिताचा मुद्दा कलम ८(२) खाली अजून मांडता येतो, तो अर्जदारानं स्वतःच आठवणीनं मांडायचा.

इथं बसून काय करता येतं

घरच्या घरी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येतात. तुमचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते, ती एकदा उघडून बघा. लॉजवर, झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण आधार देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या. यानं सरकारची पाळत थांबत नाही, गळती कमी होते.

दुसरी गोष्ट आता कोल्हापूरकरांच्या हाताशी आली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, भाऊसिंगजी रोडवर, बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचीही प्रकरणं इथंच येतात. टॅपिंगचा आदेश असो की इंटरनेट बंद करण्याचा, मूलभूत हक्काची रिट याचिका करायला आता मुंबई गाठावी लागत नाही. इंटरनेटचं मुद्दाम लिहिलं, कारण जून २०२३ मध्ये स्टेटसवरून शहरात तणाव झाला तेव्हा ते बंद झालं होतं. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत म्हणजे त्यांना आव्हान देता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात सांगितलेलं आहे.

आणि माहिती अधिकार. कोणाचा फोन टॅप केला हे विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, आणि मिळूही नये. पण आकडा ही कोणाची वैयक्तिक माहिती नसते. गेल्या वर्षी जिल्ह्यातून सीडीआरच्या किती मागण्या गेल्या? टॉवर डंप किती घेतले? चौकातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज किती दिवस ठेवतात, ते बघायचा अधिकार कोणत्या पदांना आहे, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलं आहे का, आणि असेल तर कोणत्या शासन निर्णयानं? पहिले दोन प्रश्न अधीक्षक कार्यालयाला, पुढचे कॅमेऱ्यांचा करार ज्यानं केला त्या कार्यालयाला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत, म्हणून अर्ज वेगवेगळे करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. उत्तराची मुदत तीस दिवस. तपासात अडथळा येईल असं कारण देऊन नाकारलं, तर आकड्यानं अडथळा कसा येतो ते लेखी द्या, म्हणून पहिलं अपील तिथंच वरिष्ठांकडं करायचं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं जातं, आणि तिथली तारीख लवकर लागत नाही, हे धरूनच अर्ज टाकायचा.